ओझे, काळजी आणि शुश्रूषा : स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठीच्या मानसोपचारांचा एक शब्देतिहास

१. प्रास्ताविक

इ. स. १९८० साली अमेरिकेतील ‘द जेराँटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात स्टीव्हन झरिट, कॅरन रीव्हर आणि जूली बाख-पीटरसन यांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या २९ वृद्धांना घरी सांभाळणाऱ्या २९ नातेवाइकांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. सांभाळणाऱ्याला जाणवणारे ओझे कशावर अवलंबून असते, हा त्यातला प्रश्न. रुग्णाचे विस्मरण जितके अधिक, वागणे जितके विक्षिप्त, तितके ओझे अधिक, असे उत्तर कोणीही दिले असते. प्रत्यक्षात तसा संबंध आढळला नाही. घरातील इतर माणसे त्या वृद्धाला भेटायला किती वेळा येतात, याच्याशी मात्र ओझ्याचा संबंध दिसून आला. भेटी अधिक असतील तेथे ओझे कमी होते.

या निबंधातून पुढे झरिट यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली विकसित झाली. आरंभी २९ प्रश्नांची असलेली ही प्रश्नावली नंतर २२ प्रश्नांवर स्थिरावली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार असे गुण आणि एकूण गुण ८८. आज जगातील अनेक भाषांत तिचे अनुवाद झालेले आहेत आणि सांभाळणाऱ्यांसाठीच्या कोणत्याही मानसोपचाराची उपयुक्तता तपासताना बहुधा हीच मोजपट्टी लावली जाते. मोजपट्टी अशी जगभर गेली. तिच्या मुळाशी असलेले भेटीगाठींविषयीचे निरीक्षण मात्र मागे पडले. प्रस्तुत निबंधात या मानसोपचारांचा इतिहास त्या विसरलेल्या निरीक्षणाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न आहे. हा इतिहास वैद्यकाचा आहे तितकाच शब्दांचा आणि कथनांचाही आहे, म्हणून तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला त्याची दखल घेणे आवश्यक ठरते.

२. रोगाचा शोध आणि सांभाळणाऱ्याचे अदृश्य असणे

आलोइस अल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ज्या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले, त्या आउगुस्टे डेटर यांचे नाव आता वैद्यकाच्या इतिहासात सर्वपरिचित आहे. एप्रिल १९०६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले आणि १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले. आउगुस्टे यांना रुग्णालयात आणणारा माणूस होता त्यांचा पती, रेल्वेतील एक कारकून. १९०७ च्या निबंधात तो प्रामुख्याने पत्नीच्या मत्सराचा विषय म्हणून येतो. रुग्णालयापूर्वीचे दिवस त्याने कसे काढले असतील, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यकाच्या कक्षेत बसत नव्हता.

त्यानंतरची सुमारे सहा दशके ‘अल्झायमरचा आजार’ हे नाव अकाली येणाऱ्या, दुर्मीळ व्याधीपुरतेच वापरले जाई. सत्तरी-ऐंशीतील विस्मरण हा वार्धक्याचा भाग समजला जात होता. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयातून ही सीमारेषा पुसून टाकण्याचा आग्रह धरला. वार्धक्यातील स्मृतिनाश आणि अल्झायमरचा आजार मुळात एकच असेल, तर दुर्मीळ समजली जाणारी व्याधी ही एक मोठी सार्वजनिक समस्या ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा बदल केवळ वर्गीकरणाचा नव्हता. म्हातारपण सांभाळणे हे कर्तव्य असते आणि त्याविषयी तक्रार करणे हे न्यून समजले जाते; रोग सांभाळणे हे मात्र काम असते आणि कामाला श्रम, वेळ, थकवा ही मापे लावता येतात. सांभाळणाऱ्याचे कष्ट उच्चारण्याजोगे झाले ते या नामांतरामुळे. कॅट्झमन यांच्यानंतर चारच वर्षांनी झरिट यांचा निबंध यावा आणि १९८१ साली नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स यांचे, दिवसाचे तास छत्तीस ठरवणारे कुटुंबीयांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध व्हावे, यात म्हणूनच एक संगती आहे.

‘ओझे’ ही कल्पना मात्र स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात जन्मलेली नाही. १९६३ साली ब्रिटनमध्ये जॅकलिन ग्रॅड व पीटर सेन्सबरी यांनी, मनोरुग्णांवर रुग्णालयाबाहेर उपचार करण्याच्या नव्या धोरणाचा कुटुंबावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. १९६६ साली होनिग व हॅमिल्टन यांनी वस्तुनिष्ठ ओझे आणि व्यक्तिनिष्ठ ओझे असा भेद केला; म्हणजे घरात प्रत्यक्ष काय घडले हे एक आणि घडलेले किती जड वाटले हे दुसरे. शासनाने रुग्णालये रिकामी करून जे काम कुटुंबाकडे सोपवले, त्याचे नाव ‘ओझे’ असे पडले, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. जॅनेट फिंच आणि डल्सी ग्रोव्हज यांनी १९८३ साली संपादित केलेल्या ग्रंथाने या व्यवहारातील आणखी एक गोष्ट उघड केली. ‘समाजाने काळजी घ्यावी’ याचा अर्थ व्यवहारात ‘कुटुंबाने घ्यावी’ असा होतो आणि ‘कुटुंबाने घ्यावी’ याचा अर्थ ‘बाईने घ्यावी’ असा होतो.

३. कादंबरी आधी, प्रश्नावली नंतर

शास्त्राने सांभाळणाऱ्याकडे वळण्यापूर्वी साहित्य तेथे पोहोचले होते, असे म्हणण्यास आधार आहे. जपानी लेखिका सावाको आरियोशी यांची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. कादंबरीच्या केंद्रस्थानी वृद्ध शिगेझो नसून त्याची सून अकिको आहे. नोकरी करणारी, संसार चालवणारी ही स्त्री सासू वारल्यानंतर सासऱ्याचे सर्व काही करू लागते. सासरा आपल्या पोटच्या मुलाला ओळखेनासा होतो; आयुष्यभर जिला त्याने घालूनपाडून बोलले, त्या सुनेला मात्र ओळखत राहतो. आरियोशी यांनी या विपर्यासाला भावुक वळण दिलेले नाही. मुलाने काखा वर कराव्यात आणि सुनेने रात्री उठावे, ही वाटणी कोणी केली, असा प्रश्न त्या वाचकासमोर ठेवतात. जपानमधील वृद्धसेवेवरील सार्वजनिक चर्चेला या कादंबरीने चालना दिली. १९८० साली क्योटो येथे अशा कुटुंबीयांची संघटना उभी राहिली, २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा-विमा लागू झाला आणि २००४ साली शासनाने या व्याधीचे जुने, हेटाळणीचा वास असलेले नाव बदलून नवे नाव स्वीकारले. या साऱ्याचे श्रेय एका कादंबरीला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सुनेचे काम हा सार्वजनिक विषय आहे, हे म्हणण्याची भाषा तिने पुरवली, यात संशय नाही.

युरोपात हेच काम आत्मपर गद्याने केले. आनी एर्नो यांनी आपल्या आईच्या शेवटच्या वर्षांत ठेवलेल्या टिपणांचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध केले. ती टिपणे त्यांनी मुद्दाम न सुधारता छापली. जॉन बेली यांनी पत्नी आयरिस मर्डॉक हयात असतानाच, १९९८ साली, त्यांच्याविषयी लिहिले. या दोन्ही लेखनांत प्रेमाबरोबर संताप, किळस आणि अपराधभाव यांची कबुली आहे. सेवेच्या पारंपरिक आख्यानांत या भावनांना जागा नव्हती. वैद्यकीय प्रश्नावलीने त्यांना संख्येच्या रूपाने जागा दिली. एर्नो आणि बेली यांनी ती वाक्यांच्या रूपाने दिली. मानसोपचाराच्या दृष्टीने पाहता या कबुलीला मोठे महत्त्व आहे. अशा भावना आपल्या एकटीच्याच नाहीत, हे सांभाळणाऱ्या व्यक्तीला कळणे, ही बहुतेक उपचारपद्धतींची पहिली पायरी असते.

४. उपचारांची घडण

१९८० च्या दशकात प्रारंभ झाला तो स्वमदत गटांपासून. ब्रिटनमधील अल्झायमर सोसायटी १९७९ साली, अमेरिकेतील संघटना १९८० साली आणि आंतरराष्ट्रीय संघ १९८४ साली स्थापन झाला. यामागे प्रामुख्याने कुटुंबीयांचीच प्रेरणा होती. दुसरा टप्पा शरीराच्या पुराव्याचा होता. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावरील छोटी जखम भरून यायला तुलनागटातील स्त्रियांपेक्षा सुमारे नऊ दिवस अधिक लागले. रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांच्या १९९९ च्या अभ्यासात, सांभाळताना ताण जाणवणाऱ्या वृद्ध पतिपत्नींमधील चार वर्षांतील मृत्यूचा धोका, ज्यांना असे सांभाळावे लागत नव्हते त्यांच्यापेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ‘मन घट्ट कर’ या उपदेशाची मर्यादा या आकड्यांनी स्पष्ट केली.

तिसरा टप्पा उपचारांच्या रीतसर चाचण्यांचा. येथे दोन भिन्न परंपरा दिसतात आणि त्यांतील भेद प्रस्तुत विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

पहिली परंपरा कुटुंबाला उपचाराचा घटक मानते. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्णाच्या पतीला किंवा पत्नीला चार महिन्यांत समुपदेशनाच्या सहा बैठका मिळत. त्यांपैकी दोन वैयक्तिक आणि चार इतर नातेवाइकांसमवेत होत. पुढे आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवरून सल्ला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या २०६ जोडप्यांच्या चाचणीत, ज्यांना हे साहाय्य मिळाले त्यांनी रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याचा काळ सुमारे ३२९ दिवसांनी लांबवला. २००६ साली ४०६ जोडप्यांच्या अभ्यासात हा काळ ५५७ दिवसांचा आढळला. सहापैकी चार बैठका मुलामुलींना, भावंडांना समोर बसवून झाल्या, ही गोष्ट १९८० च्या त्या निरीक्षणाशी जुळणारी आहे. येथे ‘भेट’ हीच उपचाराची पद्धत झालेली आहे.

दुसरी परंपरा व्यक्तीच्या विचारपद्धतीवर काम करते. अॅरन बेक यांच्या बोधात्मक वर्तनोपचाराच्या पायावर डोलोरेस गॅलागर-थॉम्पसन यांनी सांभाळणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम रचला. त्याच्या आधारे लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांनी ‘स्टार्ट’ ही आठ बैठकांची पद्धत सिद्ध केली. रुग्णाच्या वागण्यामागील कारणे ओळखणे, ‘तो मुद्दाम करतो’ हा समज तपासून पाहणे, मदत मागण्याचे शब्द शोधणे, स्वतःसाठी दिवसातला थोडा वेळ राखणे, भविष्याची आखणी करणे, असा तिचा क्रम आहे. या बैठका मानसशास्त्राच्या पदवीधरांनी वरिष्ठांच्या देखरेखीखाली घेतल्या. २६० कुटुंबीयांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सांभाळणाऱ्यांमधील खिन्नता व चिंता कमी झाली आणि हा परिणाम सहा वर्षांनंतरही टिकून असल्याचे २०२० साली नोंदवले गेले. पुढे स्वीकार व बांधिलकी यांवर भर देणारा उपचार याच परंपरेत आला. जे बदलता येत नाही त्याविषयीचे दुःख पुसून न टाकता त्याच्यासह जगणे, हे त्याचे सूत्र. पॉलिन बॉस यांची ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पनाही येथे उपयोगी पडली. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना १९७० च्या दशकात ती घडली. माणूस समोर असूनही गेलेला असतो, ही अवस्था तिने शब्दबद्ध केली.

या पद्धती सर्वत्र सारख्याच लागू पडतात, असे मात्र नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ६४२ कुटुंबीयांच्या एका मोठ्या चाचणीत हिस्पॅनिक आणि गौरवर्णीय सहभागींचे जीवनमान सुधारले. कृष्णवर्णीयांमध्ये मात्र तो लाभ पतिपत्नींपुरताच दिसला. उपचार एकच असला तरी ‘सांभाळणे’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक समाजात वेगळा असतो, याची ही एक खूण मानता येईल.

५. भारतीय भाषांतील शब्द आणि ‘वाईट कुटुंब’

या अर्थभेदाचा विचार करताना भारतीय भाषांकडे वळणे अपरिहार्य ठरते. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे, हिंदीत ‘सठियाना’ हे क्रियापद आहे आणि बंगालीत बहात्तर या आकड्यापासून ‘बाहात्तुरे’ हे विशेषण झाले आहे. आकडा प्रांतागणिक बदलतो, पण बुद्धिभ्रंश हे वयाचे फळ आहे, हे गृहीत सर्वत्र समान आहे. याउलट ‘स्मृतिभ्रंश’ हा संस्कृत शब्द नैतिक परंपरेतून आलेला आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो विषयचिंतनापासून सर्वनाशापर्यंतच्या साखळीतील एक कडी म्हणून येतो. चरकसंहितेतही धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश हा प्रज्ञापराधाशी, म्हणजे चुकीच्या आचरणाशी, जोडलेला आहे. आधुनिक मराठी वैद्यकाने ‘डिमेन्शिया’साठी हा शब्द निवडला तेव्हा त्यातला दोषारोप मागे पडला, पण तो समाजाच्या मनातून नाहीसा झाला नाही. तो रुग्णाकडून कुटुंबाकडे सरकला.

लॉरेन्स कोहेन यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला, प्रामुख्याने वाराणसीतील क्षेत्रकार्यावर आधारलेला ग्रंथ या स्थित्यंतराचा महत्त्वाचा अभ्यास आहे. वृद्धाचे बरळणे, संशय घेणे, घर सोडून जाणे यांचे स्पष्टीकरण देताना लोक मेंदूकडे बोट दाखवत नाहीत. मुले पाहत नाहीत, सून जेवायला घालत नाही, एकत्र कुटुंब मोडले, असे सांगतात. कोहेन यांनी या कथनाला ‘वाईट कुटुंब’ असे नाव दिले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील गुणात्मक अभ्यासातही हेच दिसते. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना परिचित होती. परंतु ती एकतर म्हातारपणाचा भाग मानली जात, किंवा मुलांनी केलेल्या हेळसांडीचे आणि प्रेमाच्या अभावाचे फळ.

येथे १९८० च्या निष्कर्षाचा अर्थ पालटतो. अमेरिकेतील त्या २९ घरांत नातेवाइकाची भेट ओझे हलके करत होती. ‘वाईट कुटुंबा’चे कथन जेथे प्रबळ आहे, तेथे भेटीला येणारा नातेवाईक परीक्षक होऊन येऊ शकतो. ‘किती वाळलेत, नीट जेवायला घालत नाही वाटतं’ हे उंबरठ्यावरचे वाक्य रात्रभर जागलेल्या सुनेला कोणत्याही जागरणापेक्षा जड जाते. म्हणजे भेटींची संख्या पुरेशी नाही. भेटीला येणारा कोणते कथन घेऊन येतो, यावर सारे अवलंबून आहे. ‘हा रोग आहे’ हे ज्ञान भारतीय संदर्भात म्हणूनच केवळ माहिती ठरत नाही. ते एक प्रकारचे दोषमुक्तीचे निवेदन आहे आणि सांभाळणारीइतकीच त्याची गरज भेटायला येणाऱ्यांना आहे.

कायद्याने मात्र जुनेच कथन पुढे चालवले, असे दिसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली केलेल्या अधिनियमाने मुलगा, मुलगी, नातू व नात यांच्यावर निर्वाहाची जबाबदारी टाकली. वृद्धांच्या संरक्षणासाठी हा कायदा आवश्यक होताच. परंतु हेळसांड करणारे कुटुंब हेच त्याच्या नजरेसमोरचे चित्र आहे. थकलेले कुटुंब त्यात नाही. प्रत्यक्ष शुश्रूषा जिच्याकडे वारंवार येते, त्या सुनेचा तर ‘अपत्य’ या व्याख्येत समावेशच नाही. कायद्याच्या लेखी ती जबाबदारही नाही आणि साहाय्याची अधिकारीही नाही.

६. गोव्यातील चाचणी : भेटीचे पुनरागमन

भारतात अल्झायमर व तत्सम विकारांसाठीची राष्ट्रीय संस्था १९९२ साली केरळमध्ये स्थापन झाली. १९९८ साली कोची येथेच ‘१०/६६’ या नावाचा आंतरराष्ट्रीय संशोधनगट आकाराला आला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना त्यांच्याविषयीचे संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी आहे, ही विषमता त्या नावातच नोंदलेली आहे. के. एस. शाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधील कुटुंबांविषयी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांभाळणाऱ्या बहुसंख्य व्यक्ती स्त्रिया होत्या आणि रुग्णाची लक्षणे मुद्दाम केलेले वागणे समजली जात असल्याचेही दिसून आले.

याच परंपरेत अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ‘संगत’ या संस्थेच्या माध्यमातून गोव्यात केलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ८१ कुटुंबे, सहा महिन्यांचा काळ आणि उपचार करणारे म्हणून तज्ज्ञ नव्हे, तर अल्प प्रशिक्षण घेतलेले स्थानिक गृहसल्लागार. त्यांनी घरोघरी जाऊन रोगाची माहिती दिली, विचित्र वागणे कसे हाताळावे हे दाखवले, सांभाळणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले, त्यांना एकमेकांशी जोडून दिले आणि शासकीय योजनांची वाट दाखवली. गरज असेल तेथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत होती. परिणामी सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीयरीत्या सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्रासही लक्षणीयरीत्या कमी झाला. झरिट यांच्या मोजपट्टीवरील ओझे मात्र कमी झाले तरी ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती.

या शेवटच्या निष्कर्षाचे एक सरळ स्पष्टीकरण आहे : कुटुंबांची संख्या लहान होती. रशियातील ६० कुटुंबांच्या २००९ च्या चाचणीत याच गटाच्या पाच बैठकांच्या पद्धतीने झरिट-गुणांतही लक्षणीय घट दाखवली होती, हेही नोंदवले पाहिजे. तथापि त्याबरोबर एक अर्थविषयक प्रश्नही विचारता येतो. झरिट यांच्या प्रश्नावलीत लाज, राग, भविष्याची भीती यांच्याबरोबरच ‘आपण याहून अधिक करायला हवे’, ‘याहून चांगले करता आले असते’ अशा भावनांचेही गुण ओझ्यात मिळवले जातात. सेवा हे जेथे कर्तव्य आहे, तेथे ‘अधिक करायला हवे’ असे म्हणणे हे कितपत ओझ्याचे लक्षण आणि कितपत सभ्यतेचे? त्रास कमी झाला तरी ही भावना कमी होईलच असे नाही. किंबहुना ती कमी झाल्याचे सांगणेच अनेकींना अप्रशस्त वाटेल. अनुवादित प्रश्नावली ही अनुवादित साहित्यकृतीइतकीच चिकित्सेला पात्र असते, एवढे येथे सूचित करता येईल.

गोव्यातील पद्धतीचे खरे वैशिष्ट्य मात्र वेगळे आहे. येथे दारात येणारी व्यक्ती नातेवाईक नव्हती आणि परीक्षकही नव्हती. दोष न देणारी भेट तिने परत आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसपोर्ट’ या संगणकीय प्रशिक्षणक्रमाचे भारतातही रूपांतर झाले. त्याच्या चाचणीत अनेक सहभागींनी तो अखेरपर्यंत पूर्ण केला नाही, ही बाब या पार्श्वभूमीवर विचार करण्यासारखी आहे. दूरस्थ साधनांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीय स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. इतक्या घरांत सल्लागार पाठवणे सोपे नाही. परंतु माहिती पडद्यावरून पोहोचते आणि भेट तशी पोहोचत नाही, हा भेद धोरण आखणाऱ्यांनी विसरता कामा नये.

७. चित्रपटातील साक्ष

एकविसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय चित्रपटाने हे कथन आपल्या परीने मांडले. २००५ साली ब्लेसी यांचा मल्याळी ‘तन्मात्रा’ आणि जाह्नू बरुआ यांचा हिंदी ‘मैंने गांधी को नहीं मारा’ हे दोन चित्रपट आले. पहिल्यात सरकारी नोकरीतील कर्त्या पुरुषाची स्मृती हरपते आणि पत्नी व मुलगा त्याला सांभाळतात. दुसऱ्यात निवृत्त प्राध्यापकाच्या मनातील भ्रमाशी वाद न घालता त्या भ्रमातच शिरून खटल्याचा देखावा उभा केला जातो. वास्तवाचे स्मरण करून देण्याऐवजी रुग्णाच्या वास्तवाला मान द्यावा, असे सांगणाऱ्या नेओमी फाइल यांच्या पद्धतीशी या प्रसंगाचे साम्य आहे.

मराठीत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाचा विचार या दृष्टीने विशेष फलदायी ठरतो. संस्कृतचे व्यासंगी विद्वान असलेले वडील हत्तीच्या मागे जाऊन हरवतात. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी, म्हणजे व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या नटाने केली आहे. शोध घेणाऱ्या मुलीला आपल्या अपराधभावाशीही झगडावे लागते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्या अनोळखी म्हाताऱ्याला कोणताही जाब न विचारता खाऊपिऊ घालते. हा चित्रपट मुलीला ‘वाईट कुटुंब’ ठरवत नाही आणि चन्नम्माला आदर्शही करत नाही. चन्नम्माजवळ त्या माणसाचा भूतकाळ नाही, म्हणून त्याने काय गमावले याचे दुःखही नाही. मुलीजवळ ते सारे आहे. बॉस यांच्या परिभाषेत सांगायचे, तर संदिग्ध वियोग मुलीच्या वाट्याला आला आहे, चन्नम्माच्या नाही. सांभाळण्यातले काम आणि सांभाळण्यातले दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे कोणत्याही परिभाषेविना स्पष्ट होते.

८. समारोप

सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी अलीकडे मराठीत ‘काळजीवाहू’ किंवा ‘काळजीवाहक’ हे शब्द रूढ होत आहेत. ‘काळजीवाहू’ हा शब्द मराठी वाचकाला आधी भेटतो तो ‘काळजीवाहू सरकार’ या प्रयोगात, म्हणजे तात्पुरत्या व्यवस्थेच्या अर्थाने. स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा तर वर्षानुवर्षे चालते. शिवाय ‘वाहणे’ या धातूत ओझे आहेच. ‘काळजी’ या शब्दात चिंता आणि जपणूक हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जर्मन ‘सोर्ग’ आणि इंग्रजी ‘केअर’ या शब्दांच्या इतिहासातही हेच आढळते. घरगुती बोलीत मात्र यांपैकी कोणताच शब्द नसतो. ‘सासूबाईंचं सगळं तीच करते’ असे म्हटले जाते. या वाक्यातील ‘सगळं’ आणि ‘तीच’ ही दोन पदे कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा नेमकी आहेत. मानसोपचाराने ‘सगळं’ हलके करता येत नाही; ‘तीच’ या शब्दातला ‘च’ मात्र त्याला काढता येतो, आणि न्यूयॉर्कच्या कुटुंबबैठकी काय किंवा गोव्याचे गृहसल्लागार काय, त्यांना यश आले ते याच ठिकाणी.

‘शुश्रूषा’ हा जुना शब्द या संदर्भात पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो बनला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. ऐकण्यापासून आज्ञापालन आणि आज्ञापालनापासून सेवा असा त्याचा प्रवास झाला. त्या प्रवासात सेवा करणाऱ्यानेच ऐकायचे, असे ठरून गेले. गेल्या चार दशकांत घडलेल्या या उपचारांनी ती दिशा उलटवली, असे म्हणता येईल. जी शुश्रूषा करते तिचे ऐकणारे कोणीतरी असले पाहिजे, ही त्यांची मूळ मागणी आहे. १९८० साली २९ घरांतून आलेले उत्तर याहून वेगळे नव्हते.